सुरुवातीचे दोन महिने कोरडे

१२ जानेवारी

प्रिय भुंग्या,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे, तुझी वहिनीही. पण फोनवर आपण पाचव्या वाक्याला भांडतो, आणि ऑफिसच्या मेलवरून लिहावं तर ते साऱ्या कचेरीच्या डोळ्यांखालून जातं. कागद बरा. तूही कागदावरच उत्तर दे.

माझं एक काम आहे. सरकारीच आहे, पण भावाचं समजून कर.

आपल्या तलावाच्या बांधात तळाशी एक लोखंडी दरवाजा आहे. वरचं चाक फिरवलं की तो उचलला जातो आणि पाणी नदीत सुटतं. तो गंजून गंजून पार गेलाय. कडेने पाणी झिरपतं. तलाव भरलेला असताना चाकाच्या दांड्यावर हात ठेवला तर आत काहीतरी थरथरतंय असं वाटतं. पाणीपुरवठ्याचा इंजिनियर म्हणून मला तो काढून नवा बसवायचाय.

अडचण अशी. तलाव मे महिन्यात तळाला जातो, तेव्हाच दरवाजा काढता येतो. नवा बसायला जुलै संपतो. म्हणजे जून-जुलैत बांधाला भोक. तेव्हा जो पाऊस पडेल तो आला तसा नदीत. पुढे पाऊस चांगला झाला तर तलाव मागाहून भरतो, कोणाला पत्ताही लागत नाही. पण वर्ष दुष्काळाचं निघालं तर तोच सुरुवातीचा पाऊस म्हणजे शहराचं वर्षभराचं पाणी. ते मी स्वतःच्या हाताने सोडून दिलेलं असेल.

आमच्या पाणी समितीच्या अध्यक्षांना आम्ही पाठीमागे शंभर टक्के म्हणतो. काहीही सांगायला गेलं की त्यांचा एकच प्रश्न, "शंभर टक्के का?" त्यांनी विचारलंय, यंदा दुष्काळ आहे की नाही ते सांगा, मग दुरुस्तीचं बघू. मी म्हटलं, माझी बहीण हवामानाच्या संस्थेत आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर पाऊसच पाडत असते. तर तू सांग. आहे की नाही, एवढंच.

तुझा,
दादा

२७ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र डब्यात बघून आधी जिन्यातच फोडलं. एवढं पाणीपट्टीसारखं बंद पाकीट कोण पाठवतं?

तुझं काम केलं. करताना मजाही आली, कारण आपला तलाव मी पहिल्यांदाच माझ्या नकाशात शोधला. आमचं काम असं असतं. सगळ्या जगाचं हवामान मांडणारी मोठी मॉडेलं आहेत. पण त्यांचे चौकोन इतके मोठे की आपलं शहर, तलाव, मागचे डोंगर, सगळं मिळून एकाच चौकोनात बसतं. डोंगर असा दिसतच नाही. माझं मॉडेल प्रदेशापुरतं आहे. ते एवढाच तुकडा उचलतं आणि त्यात बारीक चौकोन पाडतं. मग डोंगर डोंगरासारखा उभा राहतो, ढग त्याला अडतो, पाऊस अलीकडे पडतो की पलीकडे ते दिसतं.

मी येत्या मोसमाचं गणित चालवलं. कोरडं आहे, दादा. तलावाच्या वरच्या भागात पाऊस नेहमीच्या निम्म्याच्या आसपास. नकाशा इतका लाल आला की शेजारच्या टेबलावरची बाई उठून बघायला आली. याच नकाशावर मी पुढच्या महिन्यात बोलणार आहे. आमचे सर, म्हणजे विभागप्रमुख, खूश आहेत.

(मागे बघ)

हे एकाच इनपुटवरचं उत्तर आहे, हे लक्षात ठेव. माझ्या तुकड्याच्या चारही कडांनी कुठला वारा येतो आणि किती ओल घेऊन येतो, हे माझं मॉडेल स्वतः ठरवू शकत नाही. ते एखाद्या मोठ्या मॉडेलकडून घ्यावं लागतं. खोली माझी, पण खिडक्यांतून काय येतं ते दुसरा सांगणार. मी एकाला विचारलंय. दुसरा अजून बाकी आहे. तोवर थांब.

आईला सांग, मी जेवते वेळेवर.

तुझी,
भुंगा

९ फेब्रुवारी

प्रिय भुंग्या,

तुझं पत्र मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवलं. "कोरडं आहे, दादा" इथपर्यंत आलो, तेव्हा कोणीतरी हसलं, दादा म्हटल्यामुळे. "निम्म्याच्या आसपास" म्हटल्यावर कोणी हसलं नाही. शंभर टक्केंनी हात वर केला आणि म्हणाले, "झालं. संस्थेचंच मत आहे. दरवाजा आहे तसा राहू दे, उलट मे महिन्यात तो घट्ट बांधून घ्या, थेंब जाता कामा नये." ठरावही झाला. मी कागद उलटेपर्यंत लोक चहाला उठले होते.

मागचं पान मी घरी येऊन वाचलं. तुझी अक्कल कुठे गेली होती? महत्त्वाचं कोणी पाठीमागे लिहितं का?

असो. तुझी खात्री आहे ना? दुसऱ्याला विचारलंस का? मी घाई करत नाही. सहज विचारतोय. दरवाजा अजून एखादं वर्ष काढेलही. तरी लवकर कळव.

दादा

२५ फेब्रुवारी

दादा,

तू ते वाचून दाखवलंस? मी तुला लिहिलं होतं, समितीला नाही. समितीला लिहिलं असतं तर तीन पानं अटीच लिहिल्या असत्या आणि निम्म्याचा आकडा शेवटी टाकला असता. "संस्थेचं मत" म्हणे. संस्थेला मत असतं का? सरांना कळलं तर माझी खैर नाही.

आता शांतपणे वाच, आणि कागद उलटून वाच.

दुसरं इनपुट चालवलं. मॉडेल तेच, डोंगर तोच, तलाव तोच, गणिताची एक ओळसुद्धा बदलली नाही. फक्त कडांवरचे आकडे दुसऱ्या मोठ्या मॉडेलचे घेतले. आणि पाऊस जवळजवळ नेहमीइतका आला. लाल नकाशा हिरवा झाला. मी आधी समजले की मीच कुठेतरी माती खाल्ली. पुन्हा चालवलं. पुन्हा हिरवा.

मग म्हटलं, कोणावर विश्वास ठेवायचा ते मागच्या एखाद्या वर्षावरून ठरवू. आपल्या लहानपणी नळ कोरडे पडले होते ते वर्ष घेतलं. आपण चौघं एका बादलीत आंघोळ उरकायचो ते. पहिल्या इनपुटने दुष्काळ दाखवला, पण डोंगराच्या पलीकडे. आपल्याकडे बरा पाऊस. दुसऱ्याने दाखवलं की पाऊस सगळीकडेच थोडा कमी, काळजीचं कारण नाही. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या मते तेव्हा आपण उगाच घामट राहिलो.

अजून ऐक. मोसमाच्या सुरुवातीला जमीन किती ओली धरायची, हेही एक इनपुटच. मी दुसऱ्यात जमीन थोडी कोरडी धरली, तर त्यातलाही पाऊस घटला. किती कोरडी धरावी, याचे दोन नकाशे माझ्याकडे आहेत आणि तेही एकमेकांशी जुळत नाहीत.

तू विचारलंस खात्री आहे का. जानेवारीत होती. आता कशाची होती तेच आठवत नाही. माझं महिन्याअखेरचं भाषण मी पुढे ढकललंय. सर खूश नाहीत.

भुंगा

६ मार्च

भुंग्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, तरी काही कळलं नाही. एकच मॉडेल, एकच तलाव, आणि उत्तरं दोन? मी पाण्याच्या टाकीला मीटर लावतो तेव्हा ते सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं दाखवायला लागलं तर मी मीटर काढून फेकतो.

मी शंभर टक्केंना जाऊन सांगितलं की दुसरं उत्तर आलंय, पाऊस नेहमीसारखा आहे. ते म्हणाले, "तुमच्या बहिणीने महिन्याभरात दुष्काळ परत घेतला का? तिला म्हणावं, पक्कं काय ते कळव." आणि वर हेही म्हणाले की तुमचा जीव दुरुस्तीत का अडकलाय ते सगळ्यांना माहीत आहे. मी उठून आलो.

आता माझं एक ऐक. तूच लिहितेस की इनपुट बदललं की दुष्काळ जातो. मग बदल ना. दुसरंच बरोबर आहे असं संस्थेच्या कागदावर चार ओळीत लिहून दे, सही-शिक्क्याने. तेही तुमच्याच कॉम्प्युटरचं उत्तर आहे, खोटं थोडंच आहे? मी दरवाजा बदलून घेतो आणि हा विषय संपतो.

दादा

बाळे, दादा पाकीट चिकटवायला मला देऊन बाहेर गेलाय, म्हणून खाली दोन ओळी घालते. तो तुला सांगणार नाही. तुझी भाची गेल्या वर्षापासून बांधाच्या खालच्या वस्तीत राहते, अगदी पहिल्या रांगेत, दरवाजा फुटला तर पाणी आधी तिच्याच दारात; जावयाचं वर्कशॉप तिथेच आहे ना. आणि तिला दिवस गेलेत. दादा रोज संध्याकाळी बांधावर जाऊन त्या चाकाला हात लावून उभा राहतो आणि घरी येऊन म्हणतो, काही नाही, फिरून आलो. तुझ्या यंत्रात काय ते नीट बघ.
– आई

२० मार्च

प्रिय दादा,

आईने तुझ्या पत्राखाली लिहिलंय. तिच्यावर चिडू नकोस. तू मला पहिल्याच पत्रात का नाही लिहिलंस? मला वाटलं होतं तू शहराच्या पाण्यासाठी विचारतोयस. मी दुष्काळ लिहिला तेव्हा तू त्या चाकापाशी कसा उभा राहिला असशील, याचाच विचार करत बसलेय.

पण चार ओळी मी लिहून देणार नाही. उद्या पाऊस नाही आला तर त्या चार ओळींमुळे शहर तहानलं असं होईल. आणि दुसरं इनपुट बरोबर आहे असं मला वाटत नाही. पहिलं बरोबर आहे असंही वाटत नाही. तुझं मीटर बिघडतं तेव्हा त्याला खरं पाणी दाखवून तपासता येतं. माझ्याकडे येणाऱ्या मोसमाचं खरं पाणी नाही. दोन माणसं सांगतायत की खिडकीबाहेर काय आहे, आणि खिडकी उघडायला अजून अवकाश आहे.

भाचीला काही दिवस आईकडे आणून ठेवता येणार नाही का?

मी सोडलेलं नाही. दोन्ही उत्तरं पुन्हा महिन्या-महिन्याने मांडून बघते. कुठे तरी काहीतरी सारखं निघेल.

भुंगा

२८ मार्च

भुंग्या,

तिला आणायला मीच गेलो होतो. म्हणाली, "बाबा, पहिल्या रांगेत आम्ही एकटे नाही. मी तेवढी निघून येऊ?" वर जावई म्हणाला की तुम्हीच जर मुलीला हलवलंत तर सगळी वस्ती हलेल. खरं आहे ते.

तुझ्यावर राग नाही. सही-शिक्क्याचं मी लिहायला नको होतं. बघ काय निघतं ते. एप्रिलच्या मध्यापर्यंत मला ठरवावं लागेल, नाहीतर क्रेनवाला दुसरीकडे जातो. समितीने नाही म्हटलंय, पण धोका दिसला तर इंजिनियर स्वतःच्या अधिकारात काम काढू शकतो, असा एक नियम आहे. तो आजवर कोणी वापरलेला मी पाहिला नाही.

दादा

१० एप्रिल

प्रिय दादा,

निघालं.

दोन्ही इनपुटं भांडतायत ती ऑगस्टपासून पुढे. एकाचा पाऊस तिथून येतो, दुसऱ्याचा येतच नाही. पण जून आणि जुलै दोन्हींत सारखे आहेत. जमीन ओली धरली तरी, कोरडी धरली तरी. सुरुवातीचे दोन महिने कोरडे, चारही नकाशांत. ढग येतात आणि समुद्रावरच रेंगाळतात.

तुझ्या दृष्टीने हे काय झालं बघ. तुझ्या बांधाला भोक राहणार ते याच दोन महिन्यांत. तेव्हा पाऊसच नाही, तर वाहून काय जाणार? दुष्काळ आहे की नाही, हे आपल्याला कळायची गरजच नाही. वर्ष हिरवं निघालं तर ऑगस्टमध्ये तलाव नव्या दरवाजामागे भरेल. लाल निघालं तर तसंही जून-जुलैत साठवायला काही नव्हतंच. आपण इतके दिवस चुकीचा प्रश्न विचारत होतो.

सुरुवातीचे दोन महिने कोरडे आहेत. दरवाजा काढ, दादा.

तुझी,
भुंगा

२२ जून

दादा,

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. फोन केला तर वहिनी म्हणते, ते बांधावर आहेत. दुसऱ्यांदा केला तर म्हणते, ते झोपलेत. भरदुपारी तू कधीपासून झोपायला लागलास?

मी रोज उपग्रहाचा फोटो बघते. तुमच्या डोंगरावर गेला आठवडाभर पांढरा गोळा बसलाय, हलत नाही. मी सरांना विचारलं, हे काय आहे? ते म्हणाले, पाऊस आहे, अजून काय असणार.

दरवाजा काढला होतास का? काढला असशील तर लिही. काढला नसशील तरी लिही.

भुंगा

३० जून

प्रिय भुंग्या,

काढला होता. एक मेला क्रेन लागली, चारच दिवसांत दरवाजा बाहेर आला. नवा यायचा होता आणि बांधाला भोक होतं, तेव्हाच पाऊस आला. कोरडाबिरडा काही नाही. असा जून मी नोकरीत पाहिलेला नाही. पाणी वरून यायचं आणि माझ्यासमोरून नदीत जायचं. लोक छत्र्या घेऊन बांधावर बघायला यायचे. पहिल्या दिवशी गंमत म्हणून, मग शिव्या द्यायला. एक बाई रिकामा हंडा माझ्या पायाशी ठेवून गेली.

पंचवीस तारखेपासून ऊन पडलंय. शंभर टक्केंनी मला वीस तारखेलाच चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. तुझी वहिनी खोटं बोलत नव्हती, मी खरंच झोपत होतो. दुसरं काम नव्हतं.

एक गोष्ट नीट समजून घे. तुझ्या पत्राचा यात काही संबंध नाही. माझा निर्णय त्याआधीच झाला होता. क्रेनवाल्याशी बोलणंही झालं होतं. तुझं पत्र आलं तेव्हा मी ते नुसतं वरवर वाचलं. त्यामुळे तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस, आणि या भानगडीत तोंड घालू नकोस. तुझी नोकरी सांभाळ.

जुना दरवाजा आवारात पडलाय. एक फिटर म्हणतो, साहेब, हा या पावसात नक्की फुटला असता. दुसरा म्हणतो, अजून दहा वर्षं हलला नसता. दोघंही एकाच वर्कशॉपचे.

दादा

३ जुलै

बाळे,

दादाने तुला काय लिहिलं ते काल त्याने मला वाचून दाखवलं. मी पाकीट चिकटवून दिलं. पण खोटं आहे ते. तुझं पत्र आलं तेव्हा तो जेवत होता. ताट बाजूला सारून त्याने ते तीनदा वाचलं. मग मला म्हणाला, "आई, निघालं एकदाचं," आणि हात न धुता क्रेनवाल्याकडे गेला. आदल्या रात्रीपर्यंत तो नकोच म्हणत होता.

मी हे तुला बोल लावायला लिहीत नाही. चौकशीसाठी दिलेल्या जबाबात त्याने पत्राचं नावही काढलेलं नाही, म्हणून लिहिते. एकटाच झेलतोय. आता काय ते तू ठरव.

नात बरी आहे. या महिन्यात होईल मोकळी.

– आई

१५ जुलै

दादा,

तुझं पत्र आणि आईचं पत्र एकाच दिवशी मिळाली. एकाच दुपारबद्दल दोघांनी दोन गोष्टी लिहिल्यात. आईला "लिहू नकोस" असं म्हणू नकोस, तिने लिहिलंय तेच मला हवं होतं.

काय झालं ते मला आता कळलंय, म्हणजे थोडंसं. चारही नकाशे जून-जुलैबद्दल एकच सांगत होते, म्हणून मी विश्वास ठेवला. दोन वेगळी माणसं तेच सांगतात तर ते खरं असणार. पण ती दोन मोठी मॉडेलं समुद्राच्या पाण्याचं तापमान कुठून घेतात ते मी बघितलंच नव्हतं. परवा बघितलं. दोघंही एकाच ठिकाणचं घेतात. म्हणजे साक्षीदार दोन नव्हते, एकच होता, दोन तोंडांनी बोलत होता. यंदा समुद्र त्या आकड्यांपेक्षा लवकर तापला आणि दोन्ही एकदमच चुकली.

तेवढंच कारण असेल असंही मी म्हणू शकत नाही. वेगळ्या समुद्राने पुन्हा चालवलं तर पाऊस येतो, पण खूप कमी. बाकीचा कुठून आला, मला माहीत नाही.

चौकशी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आहे असं वहिनी म्हणाली. मी येतेय. अडवू नकोस. सरांना सांगितलंय. ते म्हणाले, संस्थेतर्फे जाऊ नका. मी म्हटलं, बहीण म्हणून जाते.

भुंगा

१९ ऑगस्ट

प्रिय भुंग्या,

तू घाईघाईने गाडी पकडून गेलीस आणि आपलं बोलणं झालंच नाही. ज्याची चौकशी त्याने आत बसायचं नाही, म्हणून मी बाहेर बाकावर होतो. तू आत पाऊण तास होतीस. दार जाड आहे, नुसता आवाज यायचा, शब्द नाही. तू बाहेर आलीस तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, "काही नाही, आत पंखा जोरात होता."

त्यानंतर मी प्रत्येकाला विचारतोय. शंभर टक्के म्हणतात, तुमच्या बहिणीने यंत्राची चूक कबूल केली. समितीतली एक बाई म्हणते, तसं काही नाही, ती म्हणाली चूक तिचीच. फिटर आत साक्षीला होता, तो म्हणतो ताईंनी फळ्यावर समुद्र काढला आणि सगळे बघत राहिले. आई म्हणते, तिला मी शिकवलंय, ती खरंच बोलली असणार. आई तर तिथे नव्हतीच.

निकाल असा. मला परत कामावर घेतलंय, ताकीद देऊन. नियम वापरताना समितीला कळवलं नाही म्हणून. पावसाबद्दल एक अक्षर नाही. नवा दरवाजा बसलाय. ऑगस्टमध्ये पाऊस थोडाफार झाला, तलाव तिसऱ्या हिश्शाला आहे. शहराला दिवसाआड पाणी. लोक अजून शिव्या देतात, पण ओळख दाखवून देतात. तुझ्या भाचीला मुलगी झाली. काळीसावळी आहे, नाक तुझं.

आता माझं. आईने लिहिलं ते खरं आहे, आणि मी लिहिलं तेही अगदीच खोटं नाही. मार्चमध्ये मी ठरवलं होतं की काढायचा. मग भीती वाटली आणि नको म्हटलं. मग पुन्हा हो. रोज बांधावर जाताना एक आणि येताना दुसरं. तुझं पत्र आलं त्या दिवशी माझा नकार चालू होता. पत्र नसतं आलं तर दोन दिवसांनी होकार आला असता की नाही, मला सांगता येत नाही. मी खूप विचार केला. खरंच सांगता येत नाही.

म्हणून विचारतो. तू आत नक्की काय बोललीस? ते लिही.

दादा

३० ऑगस्ट

प्रिय दादा,

मुलीला माझं नाक मिळालं, बिचारी. दिवाणखान्यातल्या माझ्या फोटोशेजारी झोपवू नका, लगेच तुलना होईल.

तू विचारतोस म्हणून लिहिते. मी आत गेले, आईकडून घेतलेलं माझं एप्रिलचं पत्र टेबलावर ठेवलं आणि आधी खूप वेळ इनपुटबद्दल बोलले. समुद्र काढला, खिडक्या काढल्या. ते ऐकत होते, पण त्यांना कळत नव्हतं. मला ते दिसत होतं आणि मी आणखी समजावत होते. मग अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे सगळं ठीक. पण पत्रात तर तुम्ही स्पष्ट लिहिलंय, दोन महिने कोरडे आहेत. कोरडे असू शकतील असं नाही."

त्याचं उत्तर समुद्रात नव्हतं. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. मी ते पत्र आधी कच्चं लिहिलं होतं. त्यात होतं, "बहुतेक कोरडे असतील असं आत्ताच्या आकड्यांवरून वाटतं, पण." त्या पणच्या पुढे अर्धं पान होतं. परक्या माणसाला मी तेच पाठवलं असतं. पण तू चाकाला हात लावून उभा राहतोस हे आईने लिहिलेलं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मला वाटलं, त्याला आता आणखी एक पण नको. म्हणून मी ते अर्धं पान काढून टाकलं आणि "आहेत" लिहिलं. यंत्राने "आहेत" म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं.

एवढं बोलले आणि खुर्चीत बसून रडले. समितीतली ती बाई पाण्याचा पेला देत होती. तिच्या हातात अर्धाच पेला होता, दिवसाआडच्या पाण्यातला, आणि मी तो घेतला नाही, म्हणून ती जरा रागावली. बाहेर तुला पंख्याचं सांगितलं.

मी पुन्हा तसंच करेन का, हे मला माहीत नाही. तूही पुन्हा तेच करशील का, विचारणार नाही.

थंडीत पुढच्या मोसमाचं गणित चालवणार आहे. यावेळी समुद्रही वेगवेगळे घेईन. जे येईल ते तुला सगळं पाठवेन, खोडाखोडीसकट. तू ते समितीला दाखव, बांधावर ने, काहीही कर. फक्त वाचायला बसशील तेव्हा जेवण आधी संपव.

तुझी,
भुंगा